डीप ब्रेन स्टिम्युलेशन : आईच्या मेंदूतील आठ वर्षांच्या करंटविषयी अभिप्राय

"डोक्यात चोवीस तास करंट सोडून ठेवलाय, मेंदू जळत नाही का हो?" हा प्रश्न गेल्या आठ वर्षांत आम्हाला शेजारच्या काकूंपासून माझ्या वर्गातील मुलांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. मी सोलापुरात पॉलिटेक्निकमध्ये विद्युत विभागात शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न इतरांच्या आधी माझ्याच मनात आला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मी आईच्या ऑपरेशनला संमती दिली नव्हती. पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्या आईला ऑगस्ट २०१६ मध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात मेंदूत तार घालून करंट देणारे हे 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन'चे यंत्र बसवले. यंत्र, ऑपरेशन आणि त्यानंतरची सेवा या तिन्हींविषयी हा अभिप्राय आहे. काही तक्रारी आहेत, म्हणून रुग्णालयाचे आणि कंपनीचे नाव लिहीत नाही.

आईचा कडक भाकरीचा घरगुती धंदा होता. २००८ च्या सुमारास तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट गोळी वळल्यासारखे एकमेकांवर फिरू लागले. परातीत भाकरी थापताना हात शहाण्यासारखा वागे, पण भाकरी तव्यावर टाकून तो मांडीवर ठेवला की थरथर पुन्हा सुरू होई. काम करताना थांबणारी आणि विश्रांतीत दिसणारी थरथर ही या आजाराची ओळखीची खूण आहे, हे आम्हाला पुढे कळले. त्याआधी गिऱ्हाइकांनी दुसरीच खूण हेरली होती. भाकरीची कड जाड राहू लागली होती, कारण हात थरथरण्याबरोबर मंदही होत होता. २०१५ पर्यंत दिवसाला सिंडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या सात गोळ्या झाल्या. एक गोळी जेमतेम अडीच तास पुरे. तिचा अंमल उतरला की अंग लाकडासारखे होई आणि अंमल चढला की मान आणि खांदे आपोआप वळवळत राहत.

यंत्राची रचना ऐकायला वाटते तितकी गूढ नाही. मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार खोलवर उतरवतात. तारेची जाडी १.२७ मिलिमीटर असते आणि तिच्या टोकाशी प्लॅटिनम-इरिडियमची चार कडी असतात. दोन्ही तारा डोक्याच्या कातडीखालून, कानामागून, मानेतून छातीवर येतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या चपट्या डबीला जोडल्या जातात. बॅटरी आणि सर्किट त्या डबीत असते. तारेचे टोक जिथे पोहोचवायचे ते सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचे केंद्र आपल्याकडच्या शेंगदाण्यापेक्षाही लहान आहे. त्यामुळे ऑपरेशनच्या काही भागात आईला जागे ठेवले होते, आणि डॉक्टर तिला मूठ उघड-मीट करायला सांगून तार योग्य जागी आहे ना ते तपासत होते. "आत भाकरी थापायला सांगितली असती तर जास्त बरं झालं असतं," असे ती बाहेर आल्यावर म्हणाली.

मेंदू जळण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी या उपचाराचा पूर्वेतिहास जरूर जाणून घ्यावा. कंप थांबवण्यासाठी मेंदूतील एक ठिपका मुद्दाम जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास केली जात असे. जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहण्यासाठी तिथे थोडा करंट सोडून बघत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ मध्ये आलिम-लुई बेनाबिद यांनी अशी चाचणी घेताना पाहिले, की सेकंदाला शंभरच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेगाने विजेचे ठोके दिले की कंप तिथल्या तिथे थांबतो आणि करंट बंद केला की परत येतो. मग जाळायचे कशाला, तारच आत राहू द्यावी, या विचारातून आजचा उपचार उभा राहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये कंपासाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सन्ससाठी त्याला मान्यता दिली. म्हणजे ज्या करंटने मेंदू जळेल अशी भीती वाटते, तो मुळात जाळणे टाळण्यासाठीच आला.

अर्थात इतिहासाने माझे समाधान झाले नव्हते, मला आकडे हवे होते. आईच्या यंत्राची आजची मांडणी अशी आहे : सेकंदाला १३० ठोके, प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा आणि उजव्या हातासाठी प्रवाह २.८ मिलिअँपिअर. दिवसाला एक कोटी बारा लाखांवर ठोके होतात आणि वर्षाला सुमारे ४१० कोटी. आकडा छाती दडपवणारा आहे, पण ऊतीला इजा होईल की नाही हे ठोक्यांच्या बेरजेवरून ठरत नाही. एका ठोक्यात किती विद्युतभार जातो आणि तो धातूच्या किती पृष्ठभागावरून जातो, यावर ते मुख्यतः अवलंबून असते. २.८ मिलिअँपिअर गुणिले ६० मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ०.१७ मायक्रोकूलॉम. तारेवरच्या एका कड्याची उंची दीड मिलिमीटर, म्हणून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०६ चौरस सेंटिमीटर भरते. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला तीन मायक्रोकूलॉमच्याही आत येते. अशा यंत्रांसाठी पाळली जाणारी मर्यादा ३० आहे. आमच्याकडे वायरिंग करताना तारेची क्षमता जेवढी राखून धरतो, त्यापेक्षा ही राखीव बाजू पुष्कळ मोठी आहे.

दुसरी गोष्ट प्रवाहाच्या दिशेची. बॅटरीच्या दोन तारा मिठाच्या पाण्यात बुडवल्या की बुडबुडे येतात, एका बाजूचे पाणी आम्लधर्मी होते आणि तार गंजते, हा प्रयोग शाळेत सर्वांनी केलेला असतो. मेंदूतील द्रवही खारटच आहे. एकाच दिशेने करंट सोडत राहिले तर तिथेही हेच होईल आणि आसपासच्या चेतापेशी मरतील. म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर तेवढाच विद्युतभार उलट दिशेने परत काढून घेतला जातो, म्हणजे हिशेब शून्यावर येतो. ही तोललेल्या दुहेरी ठोक्याची कल्पना जॉन लिली यांनी १९५५ मध्ये माकडांच्या मेंदूवरील प्रयोगांत वापरली होती, आणि माझ्या मते या सगळ्या तंत्रज्ञानातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पेसमेकर असो की कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, सगळे याच पायावर उभे आहे.

रसायनशास्त्राचा प्रश्न असा सुटला तरी एक धोका उरतो. चेतापेशींना सतत आणि एकदम डिवचत राहिले तर त्या दमतात. त्यांच्या भोवती ग्लुटामेट हे पेशींना डिवचणारे रसायन साचते, पेशीत कॅल्शियम जास्त शिरते आणि धातू अगदी स्वच्छ असूनही इजा होऊ शकते. अमेरिकेतील पॅसाडेना येथे मॅक्रीरी, अॅग्न्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांतून १९९० मध्ये असे दाखवले, की केवळ विद्युतभाराची घनता पाहून भागत नाही. एका ठोक्यातील एकूण विद्युतभारही पाहावा लागतो आणि दोन्ही मिळून इजेची रेषा ठरते. रॉबर्ट शॅनन यांनी १९९२ मध्ये ती रेषा एका छोट्या सूत्रात बसवली आणि तेव्हापासून यंत्र बनवणारे तिचा आधार घेतात. मला यात एक उणीव खटकते. ते प्रयोग काही तासांचे होते आणि बहुतांश मेंदूच्या पृष्ठभागावरचे होते. त्यांच्या भरवशावर आईच्या मेंदूत खोलवर वर्षानुवर्षे करंट सोडायचा, हे माझ्यातल्या शिक्षकाला पटले नव्हते.

ती उणीव पुढे वेगळ्या मार्गाने भरून निघाली. तारा बसवलेल्या रुग्णांपैकी काहींचे पुढे अन्य कारणांनी निधन झाले आणि त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. तारेभोवती एक पातळ आवरण तयार झालेले आढळते. मेंदूतील आधारपेशी परक्या वस्तूला जसे वेढून टाकतात तसेच ते असते, बोटात राहिलेल्या काट्याभोवती कातडी घट्ट व्हावी तसे. त्याची जाडी साधारण मिलिमीटरच्या आतच असते, काही ठिकाणी थोड्या दाहाच्या पेशी दिसतात आणि त्यापलीकडच्या चेतापेशी जवळपास जशाच्या तशा असतात. मला सर्वांत बोलका वाटलेला तपशील असा, की ज्या कड्यांतून वर्षानुवर्षे करंट जात होता त्यांच्याभोवतीचे आवरण आणि तारेच्या ज्या भागातून कधीच करंट गेला नाही त्याभोवतीचे आवरण यांत ठळक फरक आढळत नाही. म्हणजे ऊतीची ही प्रतिक्रिया मुख्यतः तारेच्या अस्तित्वाला असते. करंटचा त्यातला वाटा दिसलाच तर फार थोडा.

या आवरणाचा माग घरच्या वहीतही लागतो. दर तपासणीला प्रत्येक कड्याचा रोध मोजतात आणि तो आकडा मी लिहून घेतो. ऑपरेशननंतर तारेभोवती सूज होती तेव्हा तो कमी होता, पुढच्या काही आठवड्यांत वाढला आणि नंतर हजार-अकराशे ओहमच्या आसपास स्थिरावला. गेली काही वर्षे तो फारसा हललेला नाही. मुले वर्गात ओहमचा नियम शिकताना जांभया देतात, त्यांना हे पान एकदा दाखवायचे आहे.

करंटमुळे काही बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१७ च्या उन्हाळ्यातील एका तपासणीचा प्रसंग सांगतो. खोलीत डॉक्टर आणि हातात टॅबलेट घेतलेला कंपनीचा माणूस होता. आईला मोठ्याने अंक म्हणायला सांगून ते प्रवाह पायरीपायरीने वाढवत होते. एका पायरीवर तिच्या ओठाचा डावा कोपरा ओढला गेला, "सत्तावीस"चा उच्चार जड झाला आणि ती म्हणाली, "बोटांत मुंग्या आल्यात." शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्यांपर्यंत करंट पसरला होता. डॉक्टरांनी आकडा दोन पायऱ्या खाली आणला आणि "एकोणतीस" म्हणेपर्यंत ओठ जागेवर आला होता. जळलेली ऊती अशी तीन सेकंदांत पूर्ववत होत नाही. त्या खोलीत बसून मला जी खात्री पटली ती कोणत्याही लेखाने पटली नव्हती.

तरीही ऊती जळत नाही म्हणून ती बदलत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ग्रॅहम गोडार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मेंदूच्या एका भागाला रोज अगदी सौम्य करंट दिला होता. सुरुवातीला काहीच झाले नाही, पण काही दिवसांनी तेवढ्याच करंटने झटके येऊ लागले, आणि ऊतीत तर दिसण्यासारखी इजा नव्हती. पार्किन्सन्सच्या रुग्णांत असे सहसा घडत नाही, पण मेंदू विजेपासून शिकतो हे खरे आहे. स्नायू पिळवटणाऱ्या डिस्टोनिया या आजारात तर या शिकण्याचा फायदाच होतो. तिथे परिणाम यायला महिने लागतात, आणि काही रुग्णांत यंत्र बंद केल्यावरही तो बराच काळ टिकतो. आईच्या बाबतीत सांगायचे तर पहिल्या वर्षी ती नको तेवढी उधळी आणि बडबडी झाली होती. गड्ड्याच्या जत्रेत तिने एका दमात सहा चादरी घेतल्या, घरात आधीच चादरींची थप्पी असताना. सेटिंग बदलल्यावर ते ओसरले. अशा बदलांची कल्पना ऑपरेशनआधी घरच्यांना स्पष्ट शब्दांत द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही.

परिणामांबाबत माझे मत अनुकूल आहे. थरथर आणि ताठरपणा आठव्या वर्षीही काबूत आहे, सातच्या चार गोळ्या झाल्या आहेत आणि मानेची वळवळ जवळजवळ गेली आहे. बोलणे आणि तोल मात्र हळूहळू ढासळत आहेत. आवाज बसका झाला आहे आणि दारातून वळताना पाऊल जमिनीला चिकटते. नातेवाईक याचा दोष करंटला देतात. मला तो अन्याय वाटतो. हा उपचार लक्षणे दाबतो, तो आजाराची वाटचाल थांबवतो असे सिद्ध झालेले नाही. बोलणे आणि तोल या गोष्टींना त्याचा फायदा मुळात कमीच होतो.

याचा पडताळा आम्हाला नको तेव्हा मिळाला. पहिली बॅटरी चार्ज न होणारी होती आणि अशी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. नोव्हेंबर २०२० मध्ये रिमोटवर ती संपत आल्याची सूचना दिसू लागली. रुग्णालयाला फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली आणि "तोपर्यंत चालेल" असे सांगण्यात आले. नवव्या दिवशी संध्याकाळी ती बंद पडली. रात्री आईला कूस वळता येईना, पाणी गिळता येईना आणि उजवा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठोके देऊ लागला. चार वर्षे झाकलेला आजार आहे त्या अवस्थेत उघडा पडला होता. दुसऱ्या दिवशी गाडी करून अडीचशे किलोमीटर पुणे गाठले. बॅटरी बदलल्यावर हात त्याच दिवशी शांत झाला, चालणे रुळायला काही दिवस गेले. करंट थांबला तेव्हा आजार जसाच्या तसा परत आला आणि करंट सुरू झाल्यावर परत दबला. तारेच्या टोकाशी असलेली ऊती चार वर्षांनंतरही जिवंत आणि प्रतिसाद देणारी होती, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको. पण तो मिळवण्यासाठी सत्तरीला टेकलेल्या बाईला ती रात्र काढावी लागली, यात सेवा नापासच ठरते.

आता चार्ज होणारी बॅटरी आहे. आठवड्यातून एकदा छातीवर पट्टा बांधून आई तासभर बसते आणि शेंगा फोडते. लाईट गेली तर काय, असे सगळे विचारतात. बॅटरी शरीरात असल्यामुळे काहीच होत नाही, फक्त त्या दिवशीचे चार्जिंग पुढे ढकलावे लागते. खर्चाचे म्हणाल तर पहिल्या वेळी सर्व मिळून दहा लाखांच्या पुढे गेले. सेटिंगसाठी दर वेळी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरावी लागते. पहिल्या वर्षी अशा नऊ खेपा झाल्या आणि त्यांतील दोनदा कंपनीचा माणूस आलाच नाही. यंत्र घेण्याआधी त्याच्या किमतीइतकीच चौकशी सेटिंग करणाऱ्या माणसाची करावी.

मेंदूच्या ऊतीला खरा धोका आम्हाला भेटला तो घरापासून चार गल्ल्यांवर. मागच्या वर्षी आईचा गुडघा दुखू लागला म्हणून जवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात नेले. तिथल्या मुलीने गुडघ्याला शेक द्यायचे मशीन ओढले आणि दोन्ही पॅड बांधायला घेतले. ते शॉर्टवेव्ह डायथर्मीचे मशीन होते. त्यातील रेडिओलहरींची ऊर्जा शरीरातील धातूची तार अँटेनासारखी पकडते आणि ती तारेच्या टोकाशी, म्हणजे थेट मेंदूत, उष्णता होऊन बाहेर पडते. असे यंत्र बसवलेल्या एका रुग्णाला दात काढल्यानंतर जबड्याला डायथर्मी दिली गेली आणि त्याच्या मेंदूला कायमची गंभीर इजा झाली, ही नोंद २००१ मधील आहे. शेक गुडघ्याला असो की खांद्याला, तार असलेल्या माणसाला तो वर्ज्यच. आठ वर्षे ३० च्या मर्यादेखाली तीनवर राहून जे जळले नाही ते इथे वीस मिनिटांत जळू शकले असते. मी रिक्षाचे पैसे देत बाहेर थांबलो होतो. आईनेच, बसक्या आवाजात, "बाई, माझ्या डोक्यात तार आहे" असे सांगितले, आणि नशिबाने त्या मुलीला ते ऐकू गेले.

कंपनीने दिलेले ओळखपत्र आणि पुस्तिका दोन्ही इंग्रजीत आहेत. शेक देऊ नये ही सूचना पुस्तिकेत आहे, पण बरीच आत आणि बारीक अक्षरांत. त्या संध्याकाळी मी ओळखपत्राच्या मागे "या बाईंच्या मेंदूत व छातीत यंत्र आहे. कोणत्याही मशीनचा शेक देऊ नये. एमआरआय करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा" असे मोठ्या अक्षरांत मराठीत छापून चिकटवले आणि खाली माझा नंबर घातला. आई ते पाकीट गळ्यात घालून फिरते. आता ती ते डॉक्टरांना दाखवते, स्टेशनवरच्या तपासणीला दाखवते आणि परवा दळण आणायला गेली तेव्हा गिरणीवाल्यालाही दाखवून आली.